पुरावा भरपूर आहे, तरी फाइल हलत नाही: हवामानाचं विज्ञान निर्णयापर्यंत कसं न्यावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही नागपुरातले सहा-सात जण दोन वर्षांपासून हवामान बदलावर काम करताय. शहरालगतच्या एका नगर परिषदेने नेट झीरोकडे, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल अशा स्थितीकडे, जाणारा आराखडा करावा म्हणून तुम्ही 58 पानांचं सादरीकरण केलं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे निष्कर्ष, जागतिक तापमानाचे आलेख, देशाचं 2070 चं नेट झीरोचं उद्दिष्ट, सगळं त्यात होतं. शेवटी पथदिवे आणि पाणीपुरवठ्याच्या वीजबिलांचं एक परिशिष्टही होतं. मुख्याधिकाऱ्यांनी पाऊण तास शांतपणे ऐकलं, चहा पाजला, चांगलं काम आहे म्हणाले. त्याला पाच महिने झाले. आता तुम्ही विचारताय की पुरावा आणखी ठोस कसा करायचा, आणि कोराडीचं कोळशावरचं वीज केंद्र उशाशी असताना अशा छोट्या गावांच्या आराखड्यांना अर्थ तरी आहे का.

मी पर्यावरण अभियंता आहे. बावीस वर्षं विदर्भातल्या स्थानिक संस्थांसाठी एनर्जी ऑडिट, हवेच्या नोंदी आणि उत्सर्जनाचे हिशेब करतोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा पुरावा कमी ठोस नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. पृथ्वी तापतेय का आणि माणसामुळे तापतेय का, याचं उत्तर आयपीसीसीने 2021 च्या अहवालात निःसंदिग्धपणे दिलं आहे, आणि तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना ते मान्य आहे. त्यांच्या टेबलावर जो प्रश्न आहे तो असा: या वर्षी, या रकमेत, कुठल्या कामाला मान्यता द्यायची आणि उद्या लेखापरीक्षणात विचारलं तर काय दाखवायचं? याचं उत्तर तुमच्या 58 पानांत फक्त परिशिष्टात आहे, तेही अर्धवट.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. मुख्याधिकारी नवे आहेत की बदलीच्या उंबरठ्यावर, सभागृह आहे की प्रशासक, पाणी गुरुत्वाने येतं की पंपाने, या सगळ्याने उत्तर बदलतं. म्हणून नियम देत नाही. मी कसा विचार करतो ते सांगतो.

माझ्या एका जुन्या कामापासून सुरुवात करतो. एका नगर परिषदेला दिवसाला एक कोटी लिटर पाणी पुरवायचं होतं. नदीवरून टाकीपर्यंतची उंची, पाइपमधलं घर्षण धरून, 60 मीटर. हजार लिटर पाणी 60 मीटर चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने 0.16 युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून 65 टक्के कार्यक्षम असतील तर 0.25 युनिट. आम्ही मोजली तेव्हा निघाली 0.41. म्हणजे यंत्रणा 40 टक्क्यांवर आली होती. पंपावरचा माणूस हे आम्ही यायच्या आधीपासून सांगत होता, "मोटर तं दिवसभर चालूच राह्यते साहेब, पाणीच चढत नाही बरोबर." त्याचं म्हणणं कोणी लिहून घेतलं नव्हतं, एवढंच.

फरक हजार लिटरमागे 0.16 युनिट, म्हणजे दिवसाला 1,600 युनिट आणि वर्षाला सुमारे 5 लाख 84 हजार. युनिटला 8 रुपये धरले तर वर्षाचे 46-47 लाख. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड जातो, तेव्हा वर्षाला सुमारे 400 टन. मी सभेत 400 टनांपासून सुरुवात केली. लेखापालांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "साहेब, हे कोणत्या लेखाशीर्षात बसवायचं?" म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या सदरात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते वर्ष तसंच गेलं. पुढच्या वर्षी आम्ही तेच आकडे उलट्या क्रमाने नेले: पंप बदलायचा खर्च, सरकारी दरसूचीप्रमाणे प्राकलन (कामाच्या खर्चाचा अंदाज), किती महिन्यांत वसूल, कोणत्या निधीतून, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत 400 टन. ठराव झाला. विज्ञान दोन्ही वर्षी तेच होतं.

आता या गोष्टीचा अवघड भाग. त्याला बगल देऊन पुढे गेलं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोटं होईल. कोराडीला 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला तर 6 लाख 60 हजार युनिट होतात. कोळशाच्या विजेला युनिटमागे 0.9 किलोच्या आसपास धरा. तासाला जवळपास 600 टन. म्हणजे आमच्या पंपांनी वर्षभरात वाचवलेला कार्बन एका संचाच्या पाऊण तासातही परत जातो. हे मी स्वतः प्रत्येक सभेत सांगतो. सांगितलं नाही तर कोणीतरी हिशेब करून दाखवतोच, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

मग पंप कशाला? एक कारण म्हणजे ते मुख्याधिकाऱ्यांच्या हातात आहे. कोराडी बंद किंवा चालू ठेवणं त्यांच्या हातात नाही, शहराच्या महापालिकेच्याही नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या कार्यालयाने एकदा स्वतःची वीज मोजली, वाचवली आणि वाचल्याचं बिलावर पाहिलं, ते पुढच्या वेळी कचऱ्यातल्या मिथेनचा किंवा बसच्या डिझेलचा हिशेब ऐकायला तयार असतं. मोजायची सवय लागलेली संस्था पुढच्या पंचवीस वर्षांत किती निर्णय घेईल याची बेरीज 400 टनांत बसत नाही.

कोराडीच्या प्रश्नासाठी दार वेगळं आणि पुरावाही वेगळा लागतो. वीज कुठून, किती रुपयांना घ्यायची याचे अर्ज राज्य वीज नियामक आयोगापुढे येतात आणि त्यावर कोणालाही सूचना-हरकती पाठवता येतात. नवा प्रकल्प असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते आणि तिची किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते. तिथे ध्रुवीय अस्वलाचा फोटो चालत नाही. तिथे विचारायचं असतं की 2030 मध्ये सुरू होणाऱ्या कोळशाच्या संचाचं आयुष्य 40 वर्षं धरलं तर तो 2070 पर्यंत जातो. मग देशाच्या उद्दिष्टाशी त्याचा मेळ कसा घालणार? मध्येच बंद करावा लागला तर उरलेलं कर्ज कोणाच्या बिलात येणार? आणि पर्यायाची बाजूही तितक्याच काटेकोरपणे मांडायची. सौर वीज दुपारी मिळते, आपली मागणी संध्याकाळी सातनंतरही मोठी असते, म्हणून साठवणुकीचा खर्च धरूनच तुलना करा. तो वगळून सौर स्वस्त असं म्हणालात तर समोरचा अभियंता दोन मिनिटांत तुम्हाला गप्प करेल, आणि त्याचं बरोबर असेल.

हद्दीचा घोळ इथेच होतो, आणि तो मी स्वतः केला आहे. एका तालुक्याच्या हिशेबात मी वीज केंद्राच्या धुराचा कार्बन धरला आणि त्याच तालुक्यातल्या घरांच्या विजेचाही धरला. म्हणजे तोच कोळसा काही प्रमाणात दोनदा मोजला गेला. एका कनिष्ठ अभियंत्याने भर सभेत ते दाखवलं. तेव्हापासून मी दोन वेगळे तक्ते करतो: हद्दीत प्रत्यक्ष काय जळतं, आणि हद्दीतल्या लोकांनी वापरलेल्या विजेमागे कुठेतरी काय जळतं. दोघांची बेरीज करत नाही. कोराडी आणि त्याच्या जवळच्या खापरखेडा वीज केंद्राची वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते, ती नागपूरकरांची किंवा तुमच्या गावाची 'स्वतःची' नाही. पण राख आणि धूर इथलाच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून तक्तेही दोन हवेत.

असाच एक घोळ क्षमतेचा. 2025 च्या मध्यात देशाच्या स्थापित वीज क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 50 टक्क्यांवर गेला. 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं गेलं, ही खरी आणि मोठी गोष्ट आहे. पण 2024-25 मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा 70 टक्क्यांच्या वरच होता, कारण सौर पॅनल दिवसाचे काही तासच चालतं. तुमच्या पान 12 वर क्षमतेचा आकडा 'अर्धी वीज आता हरित' असा आलाय. तो आजच दुरुस्त करा.

आता आकड्यांच्या गुणवत्तेबद्दल, कारण नागपूरला यातला एक धडा ताजा आहे. 30 मे 2024 ला रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्रावर 56 अंश नोंदले गेले. तासाभरात तो आकडा सगळ्यांच्या फोनवर होता. मलाही चार जणांनी 'आता तरी सरकार जागं होईल' म्हणून पाठवला. त्याच दिवशी जिल्ह्यातल्या आणखी काही केंद्रांवर 44 च्या आसपास तापमान होतं, आणि हवामान विभागाने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरचा खरा विक्रम 2013 च्या मे महिन्यातला 47.9 अंशांचा आहे. ज्यांनी 56 घेऊन निवेदनं दिली, त्यांची पुढची निवेदनं कोणी गांभीर्याने घेतली नाहीत. आपल्या बाजूचा आकडा जितका मोठा, तितका तो जास्त वेळा तपासायचा, ही सवय मी त्या दिवशी पक्की केली. शेजारचं केंद्र काय म्हणतंय, तास-तासाचा चढ-उतार शक्य आहे का, उपकरण शेवटचं कधी तपासलं, हे तीन फोन पुरतात. आणि नागपुरात फोन करायला माणसं आहेत: प्रादेशिक हवामान केंद्र, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षण ब्युरो, कापूस संशोधन संस्था, रिमोट सेन्सिंग केंद्र, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय. त्यांच्याकडे पाठिंब्याचं पत्र मागू नका. ते सहसा देत नाहीत आणि द्यायलाही नको. "आमच्या हिशेबातली चूक शोधून द्या" असं म्हणा. मला आजवर फार कमी शास्त्रज्ञांनी त्याला नकार दिलाय.

उष्णतेचा चांगला पुरावा कसा असतो ते अहमदाबादने दाखवलं. मे 2010 च्या लाटेत उष्माघात असं लिहिलेले मृत्यू मोजत बसले असते तर हाती काही लागलं नसतं, कारण दाखल्यावर हृदयविकार लिहिलेला असतो. अभ्यासकांनी सगळ्या कारणांचे मृत्यू घेतले, 2009 आणि 2011 च्या मे महिन्याशी ताडून पाहिले, आणि 1,344 जादा मृत्यू निघाले. 2013 मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला, 2016 मध्ये नागपूरही त्या वाटेवर गेलं. महापालिकेला हा आकडा नाकारता आला नाही, कारण तो तिच्याच जन्म-मृत्यू नोंदवहीतून आला होता. मात्र हीच पद्धत तुमच्या नगर परिषदेत वापरू नका. जिथे दिवसाला दोन मृत्यू होतात तिथे एखादा अपघात उष्णतेचा सगळा परिणाम झाकून टाकतो. त्यासाठी जिल्ह्याचे किंवा नागपूर शहराचे आकडे घ्या आणि तसं स्पष्ट लिहा.

अनिश्चितता लपवू नका. आयपीसीसी 'अतिशय शक्य' म्हणते तेव्हा तिला 90 टक्क्यांहून जास्त शक्यता म्हणायची असते, नुसतं 'शक्य' म्हणते तेव्हा 66 टक्क्यांहून जास्त. मराठीत आपण दोन्हींसाठी 'शक्यता आहे' लिहितो आणि वाचणाऱ्याला वाटतं की शास्त्रज्ञांनाच खात्री नाही. टक्के लिहा. तुम्हाला हाही प्रश्न येईल की जग 1.1 अंशांनी तापलं, भारत 0.7 नेच, मग घाई कशाला? पहिलं उत्तर असं की हे दोन आकडे सरळ ताडता येत नाहीत. 1.1 हा 1850–1900 च्या तुलनेत 2011–2020 चा आहे, 0.7 हा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालातला, 1901 ते 2018 या काळातला. दुसरं, आपल्या हवेतले धुराचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परतवतात आणि सिंचनामुळेही जमीन थोडी थंड राहते, त्यामुळे काही वाढ झाकली गेली आहे. कण फुप्फुसांसाठी घातक आहेत, ते कमी करायलाच हवेत, आणि ते कमी झाले की झाकलेली वाढ उघडी पडेल. हे गुंतागुंतीचं वाटतं, पण मी गावातल्या सभेत सांगितलंय आणि लोकांना कळतं. शेतकऱ्याला ढगाळ दुपार आणि निरभ्र दुपार यातला फरक शिकवावा लागत नाही.

नुसती घट न मागता निव्वळ शून्य का मागतो, एवढं मात्र एका परिच्छेदात हवंच, कारण आराखड्याचा पाया तो आहे. कार्बन डायऑक्साइड साचतो. दर 1,000 अब्ज टनांमागे जग साधारण 0.45 अंशांनी तापतं, आणि सध्या जग वर्षाला सुमारे 40 अब्ज टन सोडतंय. उत्सर्जन निम्मं केलं तरी तापमान चढतच राहतं, फक्त हळू. थांबतं ते शून्याच्या जवळ आल्यावर. पण नगर परिषदेकडून '2050 पर्यंत नेट झीरो' असा ठराव मागू नका, असं माझं ठाम मत आहे. तो मंजूर करणारे कोणीच तेव्हा पदावर नसतील, म्हणूनच तो सहज मंजूर होतो. पुढच्या पाच वर्षांत किती युनिट, किती लिटर डिझेल, किती टन ओला कचरा, आणि पहिल्या वर्षासाठी अर्थसंकल्पात किती रुपये, हे मागा.

एक गोष्ट तुमच्या सादरीकरणात अजिबात नाही, आणि आपल्या भागात ती सोडून चालणार नाही. तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरात कोणी ना कोणी वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत, आहे, होता, किंवा कोळशाच्या ट्रकवर आहे. उमरेडकडच्या एका गावात मी कोळसा हळूहळू कमी होण्याबद्दल बोलत होतो. खाणीतून निवृत्त झालेले एक काका उठले आणि म्हणाले, "माझ्या पोराले तुमी सौर पॅनल पुसाचं काम देता का?" त्यात राग नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सौर प्रकल्प उभारताना बरीच माणसं लागतात, पण नंतर चालवायला फार थोडी, हे मला माहीत होतं आणि मी ते सांगितलं. सभा शांत झाली. त्यानंतर मी रोजगाराची मोजणी केल्याशिवाय अशा गावात जात नाही. कायम कामगार कंपनीच्या यादीत सापडतात. ठेकेदाराकडचे, ट्रकचे चालक-क्लीनर, खाणीच्या दारावरची चहाची टपरी, हे कुठल्याच यादीत नसतात. ती माणसं घरोघर जाऊन मोजणं हेही हवामानाचंच वैज्ञानिक काम आहे, आणि तुमच्या गटाकडे त्यासाठी वेळ आणि पाय दोन्ही आहेत. ते झाल्याशिवाय 'न्याय्य संक्रमण', म्हणजे कोळशावर पोट असलेल्यांना वाऱ्यावर न सोडता होणारा बदल, हा शब्द वापरू नका.

वेळेचंही बघा. अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यात चालते. मार्चमध्ये गेलात तर वर्ष गेलं. दिवाळीनंतर लगेच जा. हिवाळी अधिवेशन आपल्या दारात भरतं, तेव्हा स्थानिक आमदारांकडून तारांकित प्रश्न लावता आला तर शासनाचं छापील उत्तर मिळतं, आणि ते पुढे कुठेही वापरता येतं. त्यासाठी अधिवेशनाच्या बरंच आधी त्यांच्याकडे जावं लागतं. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी करा. आधी पाणीपुरवठा विभागात बसून, चहा पीत, बिलं पाहायला मागा. बहुतेक वेळा मिळतात, आणि देणारा माणूस पुढे तुमचा साक्षीदार होतो.

तर आता काय करायचं? 58 पानं बाजूला ठेवा. परिशिष्टातला पंपांचा तक्ता घ्या आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बिलाच्या पंपघराची बारा महिन्यांची बिलं मिळवा. एका महिन्यावर जाऊ नका, उन्हाळा-पावसाळ्यात खूप फरक पडतो. बिलावर पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती कामी आली) आणि कमाल मागणी (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचली) या दोन ओळी आधी बघा, कधीकधी दंड तिथेच दिसतो. पाण्याचं मीटर नसेल किंवा बंद असेल, जे मला वाटतं असेलच, तर टाकीवर मोजा. नळाचा पुरवठा बंद असताना पंप सुरू करा. टाकीचा तळ 10 बाय 10 मीटर असेल तर पाणी एक मीटर चढलं की एक लाख लिटर झालं. तेवढ्या वेळातले वीज मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे पंपावरच्या माणसाच्या सहीसह लिहून घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी हे करा आणि तिन्ही आकडे इथे टाका. हजार लिटरमागे किती युनिट आणि उंची किती, एवढं कळलं की एका पानाचं टिपण आपण मिळून करू. लेखाशीर्ष मी सांगतो.